घोड्याचें चांद्रांधत्व

युरोपांतील घोड्यांच्या बाजारांत एके काळीं एक प्रकार वारंवार घडत असे. एखादा शेतकरी किंवा गाडीवान घोडा पारखून घेई. दांत पाहून वय ठरवी, पाय उचलून खूर तपाशी, चार फेऱ्या पळवून दम पाही आणि डोळ्यांपुढून हात नेऊन नजरही पाही. सर्व कांहीं ठाकठीक दिसे. पैसे मोजून तो घोडा घरीं आणी आणि तीन-चार आठवडे लोटतात न लोटतात तोंच एके सकाळीं तबेल्यांत पाहावें तों घोड्याचा एक डोळा मिटलेला, पापणी सुजलेली, गालावरून पाण्याची धार लागलेली आणि उजेडाकडे तोंड करावयास जनावर मुळींच तयार नाहीं, असा देखावा दिसे. आठ-दहा दिवसांत हें सर्व ओसरे व धन्याच्या जिवांत जीव येई. पुढें महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हां तोच प्रकार. असे पांच-सात झटके येऊन गेले म्हणजे तो डोळा कायमचा जाई आणि पुष्कळ वेळां त्याच्या मागोमाग दुसराही. शेताची नांगरट, मालाची वाहतूक, प्रवास आणि लढाई हीं सर्व ज्या काळीं घोड्याच्या बळावर चालत, त्या काळीं घोड्याचे डोळे गेले म्हणजे धन्याच्या घरची चूलही थंडावे.

या रोगाला रोमन लोकांनीं चंद्राचें नांव दिलें. व्हेजिटियस रेनॅटस नांवाच्या ग्रंथकारानें इसवी सनाच्या चौथ्या-पांचव्या शतकाच्या सुमारास घोडे व खेचरें यांच्या वैद्यकावर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ लिहिला, त्यांत या विकाराचा उल्लेख आहे. डोळ्यावर कधीं पांढुरकी छाया येते, कधीं ती निघून जाते. चंद्राची कला वाढावी व घटावी तसें हें चालतें, म्हणून हा चंद्राचा डोळा, अशी त्या नांवामागची कल्पना. हा ग्रंथ १५२८ सालीं बाझल येथें छापला गेला. इंग्रजीत 'मून ब्लाइंडनेस', जर्मन भाषेंत 'मोंडब्लिंडहाइट' अशीं नांवें रूढ झालीं तीं याच परंपरेंतून. चंद्राचा या रोगाशीं कांहीं एक संबंध नाहीं हें आज शाळेंतला मुलगाही सांगेल. तथापि ज्यानें हें नांव प्रथम दिलें तो मनुष्य मंदबुद्धीचा नव्हता. रोग जातो आणि परत येतो, हें त्याचें मुख्य लक्षण त्यानें बरोबर हेरलें होतें. आजचें शास्त्रीय नांवही तेंच लक्षण सांगतें. फक्त त्यांतून चंद्र वगळला आहे.

जनावराच्या डोळ्याची काळजी व्हेजिटियसच्या पूर्वीं कोणी करीतच नसे असें मात्र नाहीं. ईजिप्तमध्यें काहून येथील उत्खननांत सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वींच्या एका पशुवैद्यकीय लेखाचे तुकडे मिळाले, त्यांत डोळे पाझरणाऱ्या बैलावर करावयाचे उपचार आले आहेत. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांत भाड्यानें घेतलेल्या बैलाचा डोळा फोडणारानें त्या बैलाची निम्मी किंमत मालकाला भरून द्यावी, असें कलमच आहे. एका डोळ्याची किंमत अर्धा बैल! हिशेब कठोर असला तरी व्यवहारी आहे.

आतां हा रोग होतो म्हणजे डोळ्यांत नेमकें काय होतें, तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे; त्यावांचून पुढील इतिहासांतील चुका कळणार नाहींत. डोळ्याचें बुबुळ म्हणजे बाहेरून दिसणारी स्वच्छ कांच. तिच्या मागें रंगीत पडदा, त्या पडद्याच्या मधोमध बाहुलीचें छिद्र, आणि छिद्रामागें भिंग. हा रंगीत पडदा डोळ्याच्या आंतून पसरलेल्या एका रक्तवाहिन्यांनीं भरलेल्या थराचा पुढचा भाग आहे. सोललेल्या काळ्या द्राक्षासारखा तो दिसतो म्हणून प्राचीन शरीरशास्त्रज्ञांनीं द्राक्षावरूनच त्याचें 'युव्हिआ' हें नांव ठेविलें. चांद्रांधत्वांत या थराला दाह होतो. बाहुली आकसून सुईच्या नेढ्याएवढी होते, आंतल्या पाण्यांत पिवळसर सांका जमतो, बुबुळ निळसर धुरकट दिसूं लागतें. दाह शमला म्हणजे डोळा वरून जवळजवळ पूर्ववत् दिसतो. परंतु आंत रंगीत पडदा भिंगाला ठिकठिकाणीं चिकटलेला असतो. प्रत्येक झटक्यागणिक हे चिकटे वाढतात. मग भिंगांत मोतीबिंदु होतो, मागचा दृष्टिपटल सुटूं लागतो, आणि अखेर सबंध डोळा आक्रसून खोबणींत बसतो. वरच्या पापणीची कमानदार कड मोडून तिला मध्येंच एक कोन येतो. हा कोन दिसला कीं चाणाक्ष घेणारा घोड्यापासून दूर होई.

रोग आपोआप ओसरतो, ही त्यांतील सर्वांत फसवी गोष्ट होय. आठ-दहा दिवसांत जें आपण होऊन बरें व्हावयाचें, त्यावर सातव्या दिवशीं कोणताही उपाय केला तरी तो रामबाणच ठरणार! त्यामुळें चित्रविचित्र उपायांची यांत रेलचेल झाली. वरच्या दाढांच्या पुढें कित्येक घोड्यांना एक लहानसा निरुपयोगी दांत येतो. इंग्रज त्याला लांडग्याचा दांत म्हणतात. डोळे जातात ते या दांतामुळें असा समज पसरला, आणि इंग्लंड-अमेरिकेंतील नालबंद लोक छिन्नी-हातोडीनें हा दांत उडवूं लागले. डोळा उघडला कीं श्रेय हातोडीचें. घोड्याच्या डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यांत तिसरी पापणी असते, ती डोळ्यावरून फिरून धूळ पुसून काढते. डोळा दुखत असला म्हणजे तो खोबणींत आंत ओढला जातो व ही पापणी पुढें येते. ही जणुं वाढलेली गांठच, असें समजून ती सुईनें ओढून कापून टाकण्याचा प्रघात होता. आधींच आजारी असलेल्या डोळ्याचा पुसणारा हात अशा रीतीनें तोडून टाकण्यांत येई. विल्यम यूअट या पशुवैद्यानें १८३१ सालीं निघालेल्या आपल्या घोड्यावरील पुस्तकांत या क्रूर चालीचा कडक निषेध केला. शिरा तोडून रक्त काढणें, कातडीखालून दोरा ओवून मुद्दाम पू आणणें, हे प्रकार तर नित्याचेच होते.

पशुवैद्यकाचें शिक्षण मात्र याच सुमारास नालबंदांच्या हातांतून सुटूं लागलें होतें. क्लोद बुर्जला यानें फ्रान्समध्यें लियों येथें काढलेली पहिली पशुवैद्यक शाळा १७६२ सालीं सुरू झाली. लंडनचें कॉलेज १७९१ सालीं निघालें. या लंडनच्या कॉलेजचा दुसरा प्रमुख एडवर्ड कोलमन हा लष्करी पशुवैद्यांचाही मुख्य होता. कोंदट तबेल्यांतील दूषित हवा हीच घोड्यांच्या बहुतेक रोगांची जननी, असें त्याचें ठाम मत होतें, आणि फौजेच्या तबेल्यांत हवा खेळती ठेवण्याचा त्यानें आग्रह धरला. यूअटनेंही शेणमुताच्या उग्र वाफेनें डोळे बिघडतात असें लिहिलें. आणि डोळे गेलेल्या घोड्यापासून पैदास करूं नये, कारण हा दोष वंशांत उतरतो, असेंही बजाविलें. तबेले सुधारले तसा हा रोग इंग्लंडमध्यें विरळ होत गेला. उलट फ्रान्स, बेल्जम व जर्मनी यांच्या सखल, दलदलीच्या मुलखांत तो ठाण मांडून होता, आणि चर खणून पाणी काढून दिलें कीं तेथेंही कमी होई. कोणी म्हणे हवा, कोणी म्हणे पाणी, कोणी म्हणे बीज. पुढें असें दिसून आलें कीं या तिन्ही पक्षांच्या हातीं सत्याचा एकेक तुकडा होता. पण तो कां खरा आहे तें तिघांनाही ठाऊक नव्हतें.

एका शस्त्रवैद्याची हकीकत येथें जरा विस्तारानें सांगणें जरूर आहे. जेम्स वॉर्डरॉप हा स्कॉटलंडचा. १८०८ सालीं त्यानें मनुष्याच्या डोळ्यांतील रोगजन्य विकृतींवर पुस्तक लिहावयास सुरुवात केली होती. पुढें तो लंडनमध्यें राजवैद्यांच्या पंक्तीला बसला. माणसांच्या डोळ्यांवर एवढा अधिकार असलेल्या या गृहस्थानें १८१९ सालीं घोड्याच्या नेत्ररोगांवर एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. तत्कालीन प्रतिष्ठित वैद्य घोड्यांच्या तबेल्यांत जाऊन बसणें कमीपणाचें मानीत. वॉर्डरॉपला तसें वाटलें नाहीं. तेथें त्याला नालबंदांची एक भयंकर रीत आढळली. घोड्याचा एक डोळा रोगानें बिघडत चालला म्हणजे हे लोक त्यांत खिळा खुपसून किंवा चुना घालून तो पार नासवून टाकीत. कारण एक डोळा पूर्ण मेला म्हणजे दुसरा वांचतो, असा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता. वॉर्डरॉपनें त्या क्रौर्याकडे पाहून नाक मुरडलें असतें व तो निघून गेला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण तो विचार करीत राहिला. माणसांतही एका डोळ्याला जखम झाली असतां कित्येकदां कांहीं आठवड्यांनीं दुसरा, अगदीं निर्दोष डोळा सुजून जातो. मग जखमी डोळा वेळीच नाहींसा केला तर दुसरा वांचेल काय, असा प्रश्न त्यानें उपस्थित केला.

हा प्रश्न कोणासाठीं होता तें पाहावें. पॅरिसजवळच्या कूप्रे या गांवीं घोड्यांचे खोगीर व साज शिवणारा एक कारागीर राहत असे. १८१२ सालीं त्याचा तीन वर्षांचा मुलगा बापाच्या आरीशीं खेळत असतां ती आरी त्याच्या एका डोळ्यांत शिरली. तो डोळा गेला. पाठोपाठ दुसराही सुजला, आणि पांचव्या वर्षाच्या आंत मूल पूर्ण अंध झालें. लुई ब्रेल हें त्याचें नांव. अंधांना बोटांनीं वाचतां यावें अशी सहा ठिपक्यांची लिपि त्यानें पुढें शोधून काढली. वॉर्डरॉपचा निबंध निघाला तेव्हां ब्रेल दहा वर्षांचा होता. ब्रिस्टलचा शस्त्रवैद्य ऑगस्टिन प्रिचर्ड यानें दुसरा डोळा वांचविण्याच्या हेतूनें एका रोग्याचा जखमी डोळा शस्त्रक्रियेनें काढून टाकला ती गोष्ट १८५१ ची. १८५२ च्या जानेवारींत ब्रेल वारला. या शस्त्रक्रियेनें नंतरच्या काळांत असंख्य कारागीर, सैनिक व मुलें यांचा उरलेला डोळा वांचला. यांतील चमत्कार असा कीं, ज्या रोगावर नालबंद हा उपाय करीत त्या रोगाला तो लागू नव्हताच. चांद्रांधत्वांत दुसरा डोळा जातो तो पहिल्या डोळ्यामुळें नव्हे; मूळ कारण दोन्हींत स्वतंत्रपणें बसलेलें असतें. खिळ्यानें कित्येक घोडे विनाकारण छळले गेले. पण त्या चुकीच्या रिवाजांतून माणसाला योग्य उपाय सांपडला.

वैद्यकाला कारण सांपडत नव्हतें, तोंपर्यंत न्यायशास्त्रानें आपल्यापुरता मार्ग काढला. दोन झटक्यांच्या मधल्या काळांत घोडा विकून टाकणें, ही विकणाऱ्याची सोपी युक्ति. फ्रान्सच्या २० मे १८३८ च्या कायद्यानें घोड्यांच्या छुप्या दोषांची यादी ठरवून दिली. असा दोष मुदतींत उघड झाला तर सौदा मोडतां येई. बहुतेक दोषांना मुदत होती नऊ दिवसांची. डोळ्यांच्या या नियतकालिक विकाराला मात्र तीस दिवस दिले होते. झटका महिन्याभरानें परत येतो, हा व्हेजिटियसचा चंद्र अशा रीतीनें फ्रेंच कायद्याच्या पुस्तकांतही शिरला! जर्मनींत १८९९ च्या मार्च महिन्यांतील राजाज्ञेनें हाच रोग मुख्य दोषांत घातला गेला. तेथें मुदत चौदा दिवसांची होती, आणि ती तरतूद २००१ अखेरपर्यंत टिकून राहिली. चौदा दिवसांत पुढचा झटका येईलच असें नाहीं, ही उणीव त्या नियमांत शंभर वर्षें तशीच होती.

हिंदुस्थानांत अश्ववैद्यकाची परंपरा फार जुनी. शालिहोत्राच्या नांवावरूनच घोड्यांच्या वैद्याला सालोत्री म्हणूं लागले, आणि इंग्रजी फौजांच्या कागदपत्रांतही हा शब्द जसाच्या तसा उतरला. येथील घोड्यांत चांद्रांधत्वाहून निराळा असा एक नेत्रविकार पाहावयास मिळे, त्यानें नवे आलेले इंग्रज पशुवैद्य थक्क होत. घोड्याच्या बुबुळामागच्या पाण्यांत पांढऱ्या दोऱ्यासारखा एक जंत वळवळत पोहतांना बाहेरून स्वच्छ दिसतो. हा जंत वास्तविक गुरांच्या किंवा घोड्यांच्या पोटाच्या पोकळींत राहणारा. डांसांच्या द्वारें पसरणारा आणि चुकून डोळ्याची वाट धरणारा. यावर इलाज एकच, बुबुळाच्या कडेशीं बारीक छेद घेणें. आंतलें पाणी उसळून बाहेर येतें आणि त्याबरोबर जंतही. काम नाजूक, पण फळ तात्काळ. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक कॉलेज निघालें. जॉन हेन्री स्टील हा त्याचा पहिला प्राचार्य. कॉलेजांतून शिकून बाहेर पडणाऱ्या पशुवैद्यांना ही शस्त्रक्रिया अवगत असावी लागे, आणि देशांतील पशुवैद्यक कॉलेजांत ती अद्यापि होते. या रोगांत शत्रु डोळ्यांना दिसतो, म्हणून भांडण उरत नाहीं. चांद्रांधत्वांत शत्रु दिसत नव्हता, हीच तर अडचण.

१८५१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें डोळ्याच्या आंत पाहण्याचा आरसा शोधून काढला. त्या आरशानें चांद्रांधत्वाची नासधूस मागच्या पडद्यापर्यंत पोंचते हें दिसलें, पण नासधूस करणारा दिसला नाहीं. जंतुशास्त्राच्या भरभराटीच्या काळांत पुष्कळांनीं पुष्कळ जंतु पकडले. एकही टिकला नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकन फौजेच्या पशुवैद्यांनीं व्हर्जिनियांतील फ्रंट रॉयल येथील घोड्यांच्या ठाण्यावर या रोगाचा कसून अभ्यास केला. टी. सी. जोन्स व त्यांचे सहकारी यांना असें वाटलें कीं खाण्यांतील 'ब२' जीवनसत्त्वाची उणीव हें कारण असावें. हें जीवनसत्त्व दिलेल्या घोड्यांत नवीन रोगी कमी निघाले, असें त्यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केलें. मोठा उत्साह उत्पन्न झाला. पुढें इतरांनीं करून पाहिलें तेव्हां मात्र तो गुण टिकला नाहीं, आणि एकदां सुरू झालेला रोग तर त्यानें थांबतच नव्हता.

खरा धागा दुसरीकडूनच आला. जर्मन वैद्य वाइल यानें १८८६ सालीं माणसांत होणाऱ्या एका तापाचें वर्णन केलें होतें. ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड अशीं त्याचीं लक्षणें. १९१५ सालीं जपानमध्यें इनादा व इदो यांनीं कोळशाच्या खाणींतील मजुरांत त्याचें कारण शोधून काढलें: मळसूत्रासारखा पिळदार, केंसाहूनही कित्येक पट बारीक असा जंतु. उंदीर-घुशींच्या मुतांतून तो साचलेल्या पाण्यांत उतरतो आणि कातडीवरील ओरखड्यांतून अंगांत शिरतो. लेप्टोस्पायरा हें त्याचें नांव. मुंबईकरांस त्याची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर 'लेप्टो' हा शब्द तेथें घरोघर पोंचला. या तापांतून उठलेल्या कांहीं माणसांना मागाहून डोळ्याच्या मधल्या थराचा दाह होतो हें ध्यानांत आल्यावर घोड्याकडे लक्ष जाणें क्रमप्राप्तच होतें. १९४८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें हॉइसर यानें, घोड्यांचा हा रोग म्हणजे लेप्टोस्पायराचाच परिणाम नव्हे काय, असा सरळ प्रश्न आपल्या लेखाच्या मथळ्यांतच घातला; चांद्रांध घोड्यांच्या रक्तांत या जंतूविरुद्ध झालेलीं प्रतिद्रव्यें त्याला सांपडलीं होतीं.

तरी शंका राहिली. रक्तांत प्रतिद्रव्य असणें म्हणजे पूर्वीं कधीं तरी जंतु येऊन गेला एवढेंच. तोच डोळ्याचा मारेकरी, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. येथें अमेरिकेंतील एका लहानशा शेतवाडीचा उपयोग झाला. तेथील घोड्यांत लेप्टोस्पायराचा ताप आलेला रॉबर्ट्स व त्यांच्या सोबत्यांनीं स्वतः पाहिला आणि १९५२ सालीं त्याची हकीकत छापली. त्याच घोड्यांचे डोळे नंतर बिघडूं लागले. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तट्टांना मुद्दाम हा जंतु टोंचला असतां तीं तापांतून बरीं झालीं, आणि कितीएक महिन्यांनीं त्यांच्या डोळ्यांत तोच दाह दिसला. शेंकडों वर्षें कारण सांपडलें नाहीं तें कां, हें आतां उघड झालें. एका पावसाळ्यांत किरकोळ ताप येतो, धनी तो विसरूनही जातो, आणि डोळा दुखतो तो पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षीं. या दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानांत यावा? दलदल, साचलेलें पाणी, घाणेरडा तबेला यांना दोष देणाऱ्यांचें म्हणणें कां खरें ठरत होतें तेंही कळलें. चर खणणारानें पाण्याबरोबर जंतु काढून दिला, आणि तबेला झाडणारानें हवेबरोबर उंदीर घालविला.

बीजाला दोष देणारेही सर्वस्वीं चुकले नव्हते. अमेरिकेंतील ठिपकेदार ॲपलूसा जातीच्या घोड्यांना हा रोग इतर जातींच्या सुमारें आठपट अधिक होतो, असें न्यूयॉर्क संस्थानांतील एका पाहणींत १९९५ सालीं आढळलें. त्यांच्यांत तो झटक्याझटक्यानें न येतां आंतल्या आंत मुकाट्यानें डोळा खातो. येथें शरीराची स्वतःची संरक्षक शक्तिच डोळ्यावर उलटते असें मानतात. केंटकींतील संशोधकांनीं २००५ सालीं दाखविलें कीं लेप्टोस्पायराच्या कांहीं प्रथिनांचें घोड्याच्या भिंगांतील व दृष्टिपटलांतील प्रथिनांशीं साम्य आहे. जंतूवर सोडलेला बाण घरच्याच माणसाला लागावा तसा हा प्रकार.

उपचारांच्या बाबतींत पूर्वींच्या गोष्टींपैकीं एकच आज टिकून आहे. बेलाडोनाच्या झाडांतील ॲट्रोपीन घालून बाहुली विस्फारलेली ठेवणें, म्हणजे पडदा भिंगाला चिकटत नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दाह शमविणारीं कॉर्टिझोनच्या जातीचीं औषधें त्याच्या जोडीला आलीं. झटका त्यांनीं आटोक्यांत येतो. पुढचा झटका टळत नाहीं. त्यासाठीं जर्मनींत वेरी व गेरहार्ड्स या दोघांनीं धाडसी मार्ग धरला. डोळ्याच्या मागच्या भागांत भरलेला गोळीबंद काचरस काढून त्या जागीं स्वच्छ द्रव भरण्याची शस्त्रक्रिया मायामीच्या रॉबर्ट माखेमर यानें १९७० च्या सुमारास माणसांत रूढ केली होती. तीच या दोघांनीं घोड्यावर केली आणि १९९१ सालीं तिचे परिणाम जाहीर केले. वॉर्डरॉपच्या वेळीं ज्ञान तबेल्यांतून माणसाच्या इस्पितळांत गेलें. या वेळीं तें उलट दिशेनें आलें. झटके बहुतेक घोड्यांत थांबले, आणि काढलेला काचरस म्यूनिकच्या प्रयोगशाळेंत तपासला तेव्हां कित्येक नमुन्यांतून जिवंत लेप्टोस्पायरा वाढविणें शक्य झालें. रक्तांतून केव्हांच नाहींसा झालेला हा जंतु डोळ्याच्या आंत, जेथें शरीराचे शिपाई सहसा फिरकत नाहींत अशा जागीं, वर्षानुवर्षें दडून बसलेला असतो.

अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठांत ब्रायन गिल्गर यांनीं निराळा मार्ग घेतला. नॉर्वेच्या मातींतील एका बुरशीपासून मिळालेलें सायक्लोस्पोरिन हें द्रव्य शरीराच्या उलटलेल्या संरक्षक शक्तीला आवर घालतें. कुत्र्यांचे कोरडे पडणारे डोळे त्यानें सुधारतात हें जॉर्जियाच्या रेनी कॅस्वान यांनीं दाखविलें होतें, व पुढें २००२ सालीं अमेरिकेंत माणसांसाठींही त्याचे थेंब मंजूर झाले. घोड्याच्या डोळ्यांत मात्र वरून घातलेले थेंब आंत खोलवर पोंचत नाहींत. म्हणून या औषधाची चकती डोळ्याच्या पांढऱ्या कवचाखालीं, आजारी थराच्या अगदीं लगत बसवावयाची, आणि ती अनेक महिने थोडेंथोडें औषध सोडीत राहते. म्यूनिकचे लोक जंतूला प्राधान्य देतात, अमेरिकेंतील कित्येक पंडित संरक्षक शक्तीच्या उलटण्याला. दोन्ही देशांत जंतूचें प्रमाणही सारखें नाहीं, म्हणून हा मतभेद चालूच आहे. जंतु नसलेल्या डोळ्यावर काचरस काढण्याची शस्त्रक्रिया तितकी फलदायी होत नाहीं, हें जर्मनांनाही मान्य आहे. म्हणून आतां ते आधीं डोळ्यांतील पाण्याचा थेंब तपासतात आणि मगच शस्त्र उचलतात.

२०१५ सालीं अमेरिकेंत घोड्यांसाठीं लेप्टोस्पायराविरुद्ध लस मंजूर झाली. तापाला व गर्भपाताला कारण होणाऱ्या जंतूविरुद्ध ती दिली जाते. डोळ्यासाठीं तिचा किती उपयोग होतो, हें ठरविण्यास मात्र टोंचलेलीं शिंगरें मोठीं होऊन त्यांचे डोळे वर्षानुवर्षें पाहत राहणें प्राप्त आहे. कारण हा रोग आपला दिवस स्वतः ठरवून येतो.